दोऱ्याचा दाणा

तुम्ही गोष्ट लिहून घेताय तर आधी सरोजाक्कांचं नाव लिहा, मग माझं. माझं नाव मंगल, पण ते मागनं आलं तरी चालतंय. सरोजाक्का नसत्या तर आज मी ह्या बेंगळुरात नसते, आन् असते तरी खिडकीला तोंड लावून बसलेली असते. काय सांगू तुम्हाला, मला बोलायची सवय न्हाई, कुणी विचारलं की आधी धडधडतं, आपलं काही चुकलं का काय असं वाटतं, म्हणून सांगताना मागं-पुढं झालं तर तुम्हीच सारखं करून घ्या.

मी आटपाडीकडची. तिकडं पाऊस कमी, माती चांगली पण पाणी न्हाई, म्हणून आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात बाहेर पडलेली, गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत आटवून शुद्ध करून द्यायचं काम. कुठल्याबी शहरात जावा, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला घावणारच. आठवीत असताना आई आजारी पडली, धाकटी भावंडं होती, माझी शाळा सुटली ती सुटलीच. मग लग्न झालं आन् मालक, म्हंजे आमचे हे, मला हितं घेऊन आले, चिकपेटच्या मागच्या गल्लीत. खाली दुकान, त्यात भट्टी, वर आमची खोली. दुकान मालकांच्या चुलतमामांचं, मालक तितं कामाला.

गल्लीत सगळी कन्नड, तमिळ, हिंदी. मला घरची मराठी सोडून काही येत न्हाई. दळण आणायला गेले तरी बोटानं दाखवायचे. भट्टीवर तेजाब, म्हंजे ॲसिड, तापलं की धूर वर यायचा, पोरगी तवा तान्ही होती, तिचा घसा धरायचा, ती खोकायची आन् मी रडायची. मालक एक दिवस म्हणाले, तुला हितं सोसत न्हाई, दिवाळीला गावी सोडतो, तितंच रहा पोरीला घेऊन, मी येत-जात राहीन. त्यांनी रागानं न्हाई म्हटलं, कळवळून म्हटलं, पण मला लई लागलं. गलाईवाल्याच्या किती बाया अशा गावाकडं राहून म्हाताऱ्या झाल्या ते मी बघितलेलं हाय, नवरा वर्षातनं जत्रेला येतो आन् पोरं त्याला बघून आईच्या मागं लपत्यात. मला ते नको होतं.

आता सरोजाक्कांचं सांगते. आमच्या समोर खालच्या मजल्यावर त्यांचं घर, पुढं ओटा, ओट्याच्या आत शिलाईचं मशीन. त्यांचे मालक शिंपी होते, ते गेले, मुलगी लग्न होऊन म्हैसूरला, अक्का एकट्याच पोलकी शिवायच्या. मी त्यांना कन्नडच समजत होते. एक दिवस मी आमची वाकळ कठड्यावर वाळत घातली होती, आईनं लग्नात दिलेली, जुन्या लुगड्यांची, सगळीकडनं धावदोरा घातलेली. खालनं आवाज आला, ग बाळे, ही वाकळ कोण शिवलं?

मराठी! मी तशीच चप्पल न घालता खाली पळाले. अक्का हसायला लागल्या, म्हणाल्या, पळतीस कशाला ग, मी कुठं जात नाही की. त्यांची मराठी वेगळीच, मधी मधी कन्नड, त्यांची माणसं कुठल्या तरी जुन्या काळात आपल्याकडनं आलेली, कवा ते त्यांनाबी ठाऊक न्हाई, घरात मात्र मराठी टिकवली. स्वल्प बस, म्हणायच्या, म्हंजे थोडं बस. मी बसले ती बसलेच. पोरगीला त्यांनी ओट्यावर चटई टाकून दिली, म्हणाल्या धूर सुटला की हितं आणायची हिला, विचारायचं नाही.

वाकळ त्यांनी हातानं चाचपून बघितली. टाके मोजल्यासारखं बोट फिरवलं. विचारलं, तुला येतं काय असं? म्हटलं, येतं थोडं थोडं, आईनं शिकवलंय, पण मशीन न्हाई येत, कापायला न्हाई येत. त्या म्हणाल्या, टाका येतो तिला बाकी सगळं येतं, कापायला मी आहे की.

त्यांच्याकडं पोत्यानं कापडाचे तुकडे पडलेले असायचे. चिकपेटात घाऊक दुकानांतनं चिंध्या वजनावर मिळत्यात, रेशमाचे, सुताचे, काठाचे, आन् पोलक्यातनं उरलेलं वेगळंच. अक्का त्याला चिंधी म्हणू द्यायच्या न्हाईत. तुकडा म्हण, म्हणायच्या, चिंधी म्हटलं की फेकायला हात उचलतो. पहिल्यांदा त्यांनी मला केसांचं रबर शिकवलं. सोपं असतंय बघा, तुम्हीबी करू शकाल. हातभर लांब आन् वीतभरापेक्षा कमी रुंद पट्टी घ्यायची, सुलट बाजू आत ठेवून लांबीला शिवायची, मग एका टोकाला सेफ्टीपिन लावून ती आतनं सरकवत न्यायची की नळी उलटून सुलट होती, त्यातनं इलॅस्टिक ओवायचं, गाठ मारायची, तोंडं एकात एक घालून शिवून टाकायची. पहिल्या दिवशी माझी पिन आतच सुटली. मला घाम फुटला. अक्का म्हणाल्या, सुटू दे, पिन काय विहिरीत पडली काय, नळीतच आहे की, मागं ढकल.

मग गरम भांडं उतरवायची जाड फडकी केली, आत जुनी चादर घालून, वरनं वाकळीसारखा धावदोरा. मग डब्याच्या पिशव्या, मोबाईलचे बटवे, उशीचे अभ्रे, ब्लाऊजच्या काठाची फुलं पिनेला लावून. अक्का कापायच्या, मी शिवायची. त्यांचं कापणं बघत बसावं असं. खडू न्हाई, पट्टी न्हाई. कापड दोन्ही हातांत धरून थोडं ताणायच्या, उभ्या धाग्यात ते ताणत न्हाई, आडव्यात जरा ताणतं, तिरकं धरलं तर लवतं, ते बोटांना कळलं की मगच कात्री लावायच्या. म्हणायच्या, कापडाला विचारायचं कसं जायचंय, तू ओढलीस तर ते धुतल्यावर तुला दाखवतं. मी केलेलं प्रत्येक काम त्यांना दाखवायची आन् विचारायची, चुकलं तर न्हाई ना? त्या म्हणायच्या, तुझ्या तोंडात दुसरा शब्द नाही काय ग?

दिवाळी आली आन् गेली. मालकांनी गावाकडं सोडायचं पुन्हा काढलं न्हाई, पण मोडलंबी न्हाई. माझं हे शिवणं पोट भरायचं काम हाय का वेळ घालवायचं, ते त्यांना कळत न्हवतं. मलाबी कळत न्हवतं.

आन् मग मल्लेश्वरमला अक्कांच्या जुन्या गिऱ्हाईक एक अज्जी, म्हंजे आजीबाई, त्यांच्या घरातलं लग्न निघालं. त्या घरची पोलकी अक्कांच्या सासूबाईंपासनं ह्यांच्याकडंच शिवायला यायची. अज्जींच्या नातीचं लग्न. हितं पद्धत अशी की लग्नाला आलेल्या माणसाला जाताना तांबूल देत्यात, एका पिशवीत नारळ, विड्याची पानं, सुपारी. प्लास्टिकची नको, कापडी पाहिजेत, आन् सरोजम्माच्याच हातच्या पाहिजेत, असं अज्जींनी सांगितलं. मोठं काम. अक्कांनी कापडं कापून दिली, बाहेरनं काठाचं रेशीम, आतनं पांढरं अस्तर, वर नेफा, नेफ्यात नाडी. आन् मला म्हणाल्या, ह्या वेळी मी शिवत नाही, माझे डोळे दुखतात, तू शिव, बाया मदतीला घे पाहिजे तर, पण शेवटचा टाका तुझा. मी म्हटलं अक्का, मला भीती वाटतीया. त्या म्हणाल्या, वाटू दे की, भिऊन पण शिवता येतं.

मालकांना सांगितलं तवा ते म्हणाले, हे नीट झालं तर मी गावाचं नाव काढणार न्हाई. एवढंच म्हणाले. माझं सगळं त्या पिशव्यांवर आलं बघा.

आता जे झालं ते ऐका. आमच्यात, म्हंजे माझ्या आईच्यात, एक पद्धत हाय. वाकळ शिवून झाली की शेवटचा कोपरा मिटवायच्या आधी आत चिमूटभर ज्वारी घालायची. वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये, पांघरणाराच्या घरात दाणा कमी पडत न्हाई. आन् पिशवी तर कुणाला रिकामी द्यायचीच न्हाई, ती ओटीसारखी असती. मी कुणाला विचारलं न्हाई, त्यात विचारायचं काय? भाकरी करताना पीठ मळायचं का म्हणून कुणी विचारतं का? प्रत्येक पिशवीत अस्तर आन् रेशमाच्या मधी, खालच्या कोपऱ्यात, गावाकडनं आलेल्या ज्वारीतले थोडे थोडे दाणे घातले आन् वरनं टाका मारला. नवरी मुलगी सुखात राहू दे, म्हणत मारला. मग शेवटी सुरकुत्या जायला पाणी शिंपडून शिंपडून इस्त्री केली, गरम गरम घड्या घातल्या, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधून ठेवल्या.

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. मला न्हाई कळलं.

दोन-तीन दिवसांनी नेऊन द्यायच्या म्हणून सकाळी तोंड सोडलं तर आंबूस वास. वरची पिशवी उचलली तर कोपऱ्यातनं पांढरं काहीतरी बाहेर आलेलं. मला वाटलं किडा. दुसरी बघितली, तिसरी बघितली. मालक मागं येऊन उभे राहिले, एक पिशवी हातात घेतली आन् म्हणाले, अग, मटकी भिजत घातलीस का काय? मोड आले होते. ओल, ऊब, वरनं कापडात बांधलेलं, आपण मोड काढायला जे करतो ते सगळं मी केलं होतं, रेशमी पिशवीत. मालक हसले पण मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली, आन् मला वाटलं आता हे गावाचं बोलणार.

मी पिशवी घेऊन ओट्यावर गेले. अक्कांनी वास घेतला, मोड नखानं काढून बघितला. ह्यात काय घातलीस? ज्वारी. कशाला? म्हटलं, रिकामी देऊ नये म्हणून. अक्कांनी पिशवी मांडीवर घेतली. मी म्हटलं, अक्का, आपण सांगू या कापड भिजलं, पावसाची झड लागली. तवा त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, त्या घराला आजपर्यंत मी पोलकं घट्ट झालं तर घट्ट झालं सांगितलंय. चल, चप्पल घाल.

आम्ही रिक्षानं मल्लेश्वरमला गेलो, मोड आलेली पिशवी माझ्या मांडीवर. घरात लग्नाची गडबड, नवरीच्या आई पिशवी बघून ओरडल्याच, किडे किडे म्हणून, आन् लगेच फोन घेऊन तयार पिशव्या कुठं मिळतील ते विचारायला लागल्या. मला कन्नड तवा अर्धं कळायचं, पण तेवढं पुरेसं होतं. अक्का ताठ उभ्या राहिल्या आन् म्हणाल्या, आमच्या हातून चूक झाली. आमच्या, असं म्हणाल्या. ही नवी पोर, हिनं केलं, असं त्यांना म्हणता आलं असतं, खरंच होतं ते, पण त्यांच्या तोंडातनं हिच्या हातून असं आलंच न्हाई. आजपण कुणाला सांगताना त्या आमच्या हातून असंच सांगत्यात. सख्ख्या माणसानं केलं नसतं ते त्या बाईनं केलं.

अज्जी आतनं आल्या, काठी टेकत. पिशवी खिडकीपाशी उजेडात धरली. विचारलं, इदु येनम्मा, हे काय ग बाई? अक्कांनी सगळं सांगितलं, जोळ घातली, म्हंजे ज्वारी, हिच्या आईची पद्धत आहे, रिकामी पिशवी द्यायची नाही. अज्जी ऐकत होत्या आन् मग खुदूखुदू हसायला लागल्या, त्यांची कवळी हलायला लागली. त्यांच्यात लग्नाच्या आधी मातीच्या वाडग्यांत नऊ धान्यं पेरत्यात, अंकुर यायला पाहिजेत असं असतं. अज्जी सुनेला म्हणाल्या, आपले पुरोहित उद्या येणार पेरायला, ह्या मुलीनं आधीच पेरून ठेवलं, तेही रेशमात. सून काही हसली न्हाई. ती म्हणाली, अत्ते, म्हंजे सासूबाई, पाहुण्यांना हे द्यायचं काय? आन् तिचं बरोबरच होतं. अज्जी म्हणाल्या, द्यायचं नाही, ह्या परत करून देतील. मग अक्कांकडं बघून विचारलं, लग्नाच्या आधी होतील काय? अक्का म्हणाल्या, सरी, म्हंजे बरं, होतील. मी मनात म्हटलं, कशा होतील?

कशा झाल्या ते ऐका. सगळ्या पिशव्या कोपऱ्यात उसवल्या, मोड झटकले, अस्तर साबणानं धुतलं, रेशीम नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं. गल्लीतल्या दोन बाया आल्या. पण वाळवायचं कुठं? आभाळ भरलेलं, बारीक झिमझिम, हितं सुरू झाली की थांबत न्हाई. तर मालक वर येऊन म्हणाले, दे हिकडं. त्यांनी दुकानात तेजाबाचं काम बंद ठेवलं, भट्टी नुसती निखाऱ्यावर ठेवली आन् ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून पिशव्या टांगल्या. चुलतमामा आले आन् डोक्याला हात लावून म्हणाले, आरं हे सोनं आटवायचं दुकान का धोबीघाट? मालक म्हणाले, मामा, आजच्या दिवस धोबीघाट. ज्या भट्टीनं माझ्या लेकराचा घसा धरला होता तिनंच माझ्या पिशव्या वाळवल्या. मालक पिशव्या उलटत होते, भाकरी उलटतो तशा, कापड पोळू देत न्हवते. मी जिन्यातनं बघत होते.

पिशव्या वाळल्या, पण अस्तरावर जितं मोड आला होता तितं पिवळट डाग राहिला. धुतला, घासला, गेला न्हाई. मी पुन्हा रडायच्या बेतात. अक्कांनी डाग बघितला, पिवळा रेशमी दोरा घेतला, सुई टोचून वर काढली, सुईला दोऱ्याचे वेढे दिले आन् तितंच परत खाली ओढली. डागावर एक गोल गाठ बसली. टपोरा ज्वारीचा दाणा, हुबेहूब. म्हणाल्या, रिकामी द्यायची नाही ना? मग हा घाल. ह्याला मोड येत नाहीत.

काय सांगू तुम्हाला. मला वाटलं होतं त्या म्हणतील, सोड ते गावाकडचं खूळ. माझ्या आईची पद्धत त्यांनी मोडली न्हाई, सुईत ओवली.

पिशव्या वेळेत गेल्या. लग्नाला अज्जींनी आम्हाला बोलावलं. जाताना बायांना हळद-कुंकू लावून तांबूल देत होत्या, तवा अक्का हळूच मागं सरकल्या, विधवा म्हणून. कुणी सांगितलं न्हवतं, त्याच सरकल्या. पिशवी त्यांना मिळाली, कुंकवाच्या ओळीत मात्र त्या उभ्या राहिल्या न्हाईत. मी ते बघितलं आन् मनात ठेवलं. घरी येताना रिक्षात मी पिशवीत हात घालून कोपरा चाचपत होते, दाणा जाग्यावर हाय का. अक्का म्हणाल्या, आहे ग, कुठं जातोय. मालकांनी त्यानंतर गावी सोडायचं नाव काढलं न्हाई, आन् पुढच्या महिन्यात कुठनं तरी जुनं मशीन आणून खोलीत ठेवलं. मग त्याला तेल घालत बसले.

आता पोरगी शाळेत जाती, माझ्याशी मराठी आन् अक्कांशी कन्नड बोलती. मल्लेश्वरमच्या दोन दुकानांत आमच्या पिशव्या असत्यात. महादेवपुऱ्याकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणाऱ्या पुण्याच्या मुली येत्यात, म्हणत्यात, मावशी, ते आतलं येलो डॉट लई क्यूट हाय हां, आमच्या बटव्यातपण पाहिजे. त्या लई असं न्हाई म्हणत, खूप म्हणत्यात, ते माझ्या तोंडात येतंय. मी त्यांना सांगते तो डॉट न्हाई, दाणा हाय. मग त्या गोष्ट विचारत्यात आन् मी सांगते, आन् सांगताना अजून धडधडतं.

अक्कांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यानं कमी दिसतं. सुईत दोरा मी ओवून देते. कापड अजून त्याच कापत्यात, त्याला डोळे कुठं लागतात, म्हणत्यात. परवा ओट्यावर बसलो होतो, एकदम म्हणाल्या, मंगल, ज्वारीचं शेत कसं असतं ग? जन्मभर मराठी बोलल्या पण आपला मुलूख त्यांनी बघितलेला न्हाई. ज्वारी बघितली ती दुकानातल्या पोत्यात. मी म्हटलं, डोक्याच्या वर जाती अक्का, वारं आलं की सगळं रान सळसळतं, आत माणूस दिसत न्हाई. त्या म्हणाल्या, असं?

मी ठरवलंय. त्यांना सांगितलं न्हाई, तुम्ही लिहा. एका थंडीत, कणसं भरली की, मी सरोजाक्कांना आमच्या गावी घेऊन जाणार. त्यांना रानात उभं करणार, कणीस त्यांच्या हातात देणार, त्यांनी बोटानं बघू दे. हुरडा खायला घालणार. आन् तितंच, रानात, त्यांना कुंकू लावून त्यांची ओटी भरणार. आमच्यात विधवा बाईची ओटी भरत न्हाईत, मला ठाऊक हाय, बाया बोलतील, बोलू द्यात. ज्या बाईनं माझं पोट, माझं घर, माझ्या आईची पद्धत रिकामी होऊ दिली न्हाई, तिची ओटी मी रिकामी ठेवणार न्हाई.

त्या दिवसासाठी एक पिशवी शिवायला घेतलीया, केलेल्या प्रत्येक कामातला एक एक तुकडा लावून. जवळ जवळ झालीच हाय. आतल्या कोपऱ्यात फक्त दोऱ्याचा दाणा घातलेला न्हाई. तितं खराच घालायचाय.